गंभीर भाजल्यानंतर शरीराचे पोषण आणि रक्ताचे अहवाल: दिवसागणिक कसे वाचावेत

जळीत कक्षातील रुग्णाच्या फाइलमध्ये तिसऱ्या दिवशी अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रमुख प्रथिन) २.१ इतके कमी अशी नोंद येते आणि नातेवाइकांपासून नव्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे लक्ष त्या एका आकड्यावर खिळते. रुग्णाच्या अंगात काही उरलेले नाही, अल्ब्युमिनची बाटली लावा, अंड्याचा पांढरा भाग वाढवा, अशी धावपळ सुरू होते. प्रत्यक्षात तो आकडा त्या दिवशी रुग्णाच्या पोषणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नसतो. त्याच वेळी कालपासून नळीवाटे दिलेला आहार ठरवलेल्या मात्रेच्या निम्माच पोहोचला आहे, ही खरी चिंतेची गोष्ट मात्र परिचारिकेच्या तक्त्यात कोणाच्याही नजरेस न पडता राहून जाते. भाजलेल्या रुग्णाचा प्रत्येक अहवाल तीन गोष्टींच्या जोडीने वाचावा लागतो: भाजून किती दिवस झाले, शरीरातील दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे इजेला किंवा संसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया) किती आहे आणि काल रुग्णाच्या पोटात खरोखर किती अन्न गेले.

हा लेख आहारतज्ज्ञ, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर आणि रुग्णाची शुश्रूषा करणारे घरचे लोक यांच्यासाठी आहे. औषधे, सलाइन आणि नळीच्या आहाराचे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचे असतात. ते निर्णय समजून घेता यावेत आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता यावा, एवढाच येथे उद्देश आहे. उदाहरणासाठी आपण एक काल्पनिक रुग्ण घेऊ: वय ३० वर्षे, वजन ५० किलो, उंची १५५ सेंमी, स्वयंपाकघरातील गॅसच्या भडक्यात ३० टक्के भाजलेली स्त्री.

आधी शरीरात काय घडते ते पाहावे

प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचा २० टक्क्यांहून अधिक भाग खोल भाजला की इजा त्वचेपुरती राहत नाही. पहिले एक-दोन दिवस रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात, रक्तातील पाणी आणि प्रथिने ऊतींमध्ये झिरपतात, अंग सुजते, रक्ताभिसरण मंदावते आणि चयापचयही थंडावतो. त्यानंतर चित्र उलटते. ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकॅगॉन यांची पातळी चढते, हृदयाचे ठोके वाढतात, शरीराचे तापमान वर राहते आणि स्नायूंमधील प्रथिने मोडून त्यांतून यकृत साखर तयार करू लागते. इजेनंतरच्या या ओहोटी-भरतीचे वर्णन ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९४२ मध्ये केले होते. ४० टक्क्यांहून अधिक भाजलेल्या रुग्णात विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च नेहमीच्या दीड ते दुप्पट होऊ शकतो, आणि ही वाढ जखमा भरल्यानंतरही महिनोनमहिने, मोठ्या इजेत दोन वर्षांपर्यंत, पूर्णपणे ओसरत नाही.

साधा उपास आणि ही अवस्था यांतला फरक नीट समजून घ्यावा. उपाशी माणसाचे शरीर काटकसर करते, आधी चरबी वापरते आणि स्नायू राखून ठेवते. भाजलेल्या माणसाचे शरीर ही काटकसर करतच नाही. अंगावर चरबी शिल्लक असतानाही स्नायू वितळत राहतात. शरीराच्या स्नायू-प्रथिनांचा सुमारे १० टक्के भाग गेला की रोगप्रतिकारशक्ती खालावते, २० टक्क्यांच्या आसपास जखम भरणे मंदावते, ३० टक्क्यांना रुग्णाला उठून बसणे कठीण होते आणि न्यूमोनिया व शय्याव्रणांचा धोका वाढतो, तर ४० टक्के घट बहुधा प्राणघातक ठरते. म्हणून भाजलेल्या रुग्णाचा आहार हा उपचाराचाच भाग मानावा लागतो.

पहिल्या दिवशीच्या नोंदी

भाजण्याआधीचे वजन पहिल्याच दिवशी नातेवाइकांना विचारून लिहून ठेवावे. पहिल्या दोन दिवसांत शिरेवाटे भरपूर द्रव द्यावा लागतो. किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे २ ते ४ मिली, त्यातील निम्मा भाजल्यापासून पहिल्या ८ तासांत, असे गणित रूढ आहे. ४ मिलीने हिशेब केला तर आपल्या रुग्णाला पहिल्या २४ तासांत ६ लिटर द्रव मिळेल. त्यातला बराचसा सुजेच्या रूपाने अंगात साठतो आणि तिसऱ्या दिवशीच्या काट्यावर वजन कित्येक किलोंनी वाढलेले दिसते. पुढे ती सूज उतरते तेव्हा वजन झपाट्याने घटते. ही चढउतार पाण्याची असते, आणि तिच्या आड स्नायूंची खरी झीज लपून जाते. आधीचे वजन लिहिलेलेच नसेल, तर दोन आठवड्यांनी तुलना कशाशी करायची?

दुसरी नोंद भाजलेल्या भागाच्या टक्केवारीची. प्रौढांमध्ये डोके ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८ आणि जननांगाचा भाग १ टक्का धरतात. विखुरलेल्या भाजण्यासाठी रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण १ टक्का. केवळ लालसर झालेली, फोड न आलेली त्वचा या मोजणीत धरू नये, कारण त्यामुळे द्रव आणि कॅलरी दोन्हींचे हिशेब फुगतात. लहान मुलांत डोक्याचे प्रमाण मोठे असल्याने त्यांचा तक्ता वेगळा असतो.

तिसरी नोंद इजेआधीच्या प्रकृतीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्याकडे स्वयंपाकघरात भाजणाऱ्यांत याच वयाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, म्हणजे इजा होण्याआधीच अनेकींची शिल्लक तुटपुंजी असते. मधुमेह, दारूचे व्यसन, मूत्रपिंडाचा आजार आणि अलीकडे घटलेले वजन यांचीही चौकशी करावी. आधीच कुपोषित किंवा व्यसनी असलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार सुरू केला तर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक रीतीने खाली येऊ शकतात. अशा रुग्णाला आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात.

गरजेचा हिशेब

श्वासातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून ऊर्जेचा खर्च काढणारे यंत्र सर्वांत विश्वासार्ह असते, पण ते फार थोड्या रुग्णालयांत आहे. त्यामुळे सूत्रांवर काम भागवावे लागते. १९७४ च्या करेरी सूत्रानुसार किलोमागे २५ कॅलरी आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४० कॅलरी धरतात. आपल्या रुग्णासाठी १,२५० अधिक १,२०० म्हणजे २,४५० कॅलरी होतात. टोरांटो सूत्र रुग्णाचे तापमान, आदल्या दिवशीचा आहार आणि भाजल्यापासूनचे दिवस हेही विचारात घेते. पाचव्या दिवशी, ३८ अंश सेल्सियस तापमान आणि आदल्या दिवशी १,५०० कॅलरी पोहोचल्या असे धरले, तर ते विश्रांतीचा खर्च सुमारे १,७०० दाखवते आणि हालचाल व ड्रेसिंगसाठी भर घातल्यावर आकडा २,००० च्या आसपास येतो. दोन सूत्रांत साडेचारशे कॅलरींचा फरक पडतो. करेरी सूत्र अनेकदा गरज फुगवून सांगते, आणि जादा कॅलरींमुळे रक्तातील साखर चढते, यकृतात चरबी साठते आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णाला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे जड जाते. माझ्या मते सूत्राचा आकडा ही सुरुवात समजावी आणि आठवड्यातून किमान एकदा, तसेच प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर किंवा जंतुसंसर्गानंतर, तो नव्याने काढावा.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. प्रौढांना किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, मुलांना त्याहूनही अधिक, ३ ग्रॅमपर्यंत लागतात. आपल्या रुग्णासाठी ही गरज दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम होते. स्निग्ध पदार्थ एकूण कॅलरींच्या ३५ टक्क्यांखाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो. हिशेबात न धरलेल्या कॅलरीही मोजाव्यात: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमधून सुमारे १७० कॅलरी जातात, आणि झोपेसाठी दिलेल्या प्रोपोफॉलच्या प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी स्निग्ध रूपात असते.

ग्लुटामिन या अमिनो आम्लाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. अनेक वर्षे ते भाजलेल्या रुग्णांना आवर्जून दिले जात असे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १,२०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याचा रुग्णालयातून सुटका लवकर होण्यासाठी उपयोग झाला नाही. त्यामुळे महागड्या ग्लुटामिन पावडरीसाठी नातेवाइकांनी कर्ज काढण्याचे कारण नाही. तेच पैसे दूध, अंडी आणि डाळींवर खर्च करावेत.

आहार कधी सुरू करावा आणि तो कोठे गळतो

आतडे चालू असेल तर भाजल्यापासून १२ तासांच्या आत नळीवाटे थोड्या मात्रेने आहार सुरू करणे हितकारक ठरते. पोटात लवकर अन्न गेल्याने आतड्याचे अस्तर टिकते, तणावामुळे होणाऱ्या जठरव्रणांचा धोका घटतो आणि चयापचयाचा भडका काहीसा आटोक्यात राहतो. ग्रामीण रुग्णालयातून नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या खास केंद्रात रुग्ण हलवायचा असेल, तर प्रवासाचे आणि कागदपत्रांचे तास या वेळेतूनच वजा होतात. म्हणून रुग्ण पोहोचताच पहिल्या फेरीत आहाराचा प्रश्न विचारावा. शिरेवाटे पोषण देणे हा आतडे काम करत नसेल तेव्हाचा मार्ग आहे.

खरी गळती पुढे होते. भाजलेल्या रुग्णाला ड्रेसिंगसाठी, त्वचारोपणासाठी, भूल देण्यासाठी पुन्हा पुन्हा उपाशी ठेवावे लागते. समजा आपल्या रुग्णाला ताशी ८० मिली वेगाने, मिलीमागे १ कॅलरी आणि १०० मिलीत ४ ग्रॅम प्रथिने असलेला आहार नळीवाटे चालू आहे. २४ तासांत १,९२० कॅलरी आणि ७७ ग्रॅम प्रथिने पोहोचायला हवीत. पहाटे चारला आहार बंद केला, शस्त्रक्रिया अकराला झाली आणि दुपारी दोनला पुन्हा सुरू केला, की १० तासांत ८०० कॅलरी आणि ३२ ग्रॅम प्रथिने बुडाली. आठवड्यात असे तीन दिवस गेले तर रुग्ण त्या दिवसांत निम्म्याहून थोड्याच अधिक अन्नावर राहतो आणि कागदावरचा आदेश मात्र पूर्ण आहाराचा दिसतो. यावर उपाय म्हणजे ताशी वेगाऐवजी दिवसाची एकूण मात्रा ठरवणे आणि बंद राहिलेल्या तासांची भरपाई उरलेल्या तासांत वेग वाढवून करणे. श्वासनलिका नळीने सुरक्षित असलेल्या रुग्णात उपासाचा काळ कितपत कमी करता येईल, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावे. पोटातून दीडशे-दोनशे मिली अवशेष परत आला एवढ्यावरून आहार थांबवण्याची सवयही सोडायला हवी. उलटी, पोट फुगणे आणि एकूण प्रकृती पाहून निर्णय घ्यावा.

अहवाल दिवसागणिक वाचताना

पहिल्या दोन दिवसांत रक्तातील पाणी बाहेर झिरपल्याने रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) वाढलेले दिसतात. आपल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन १५ आले तर तिला रक्तक्षय नाही असे समजू नये. द्रव पुरेसा मिळाल्यावर तोच आकडा खाली येतो आणि पुढे शस्त्रक्रिया, ड्रेसिंग व वारंवार रक्त काढण्यामुळे आणखी घसरतो. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडल्याने तेही सुरुवातीला वाढलेले असू शकते. विजेच्या धक्क्याने भाजलेल्यांत सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) चढते आणि स्नायूंतील मायोग्लोबिनमुळे लघवी काळसर लाल होते. तेथे मूत्रपिंड वाचवणे हा पहिला मुद्दा ठरतो. याच काळात घरून आणलेले नारळपाणी रुग्णाला परस्पर पाजू नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

तिसऱ्या दिवसापासून चित्र बदलते. पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम खाली येऊ लागतात. फॉस्फेट तर या सुमारास इतके घसरू शकते की श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. फॉस्फेटची तपासणी नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटच्या मागणीत येत नाही, ती वेगळी लिहावी लागते, आणि अनेक ठिकाणी ती लिहायचीच राहून जाते. उघड्या जखमांतून पाण्याचे सतत बाष्पीभवन होत असल्याने सोडियम वाढू शकते. ते वाढले की आधी पाण्याची तूट तपासावी. एकूण कॅल्शियम अल्ब्युमिनबरोबर खाली येते, म्हणून शक्य असेल तेथे आयोनाइज्ड (प्रथिनांना न चिकटलेले, मुक्त) कॅल्शियम मोजावे. सिल्व्हर सल्फाडायझिन मलम सुरू असताना पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी तात्पुरत्या कमी होऊ शकतात. त्या बहुधा आपोआप सुधारतात.

साखर मधुमेह नसलेल्या रुग्णातही वाढते, कारण यकृत ती तयार करत राहते आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. बहुतेक अतिदक्षता विभाग ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करतात. येथे एक सावधगिरी: इन्सुलिन चालू असताना आहार अचानक बंद झाला तर साखर धोकादायक रीतीने खाली जाते, म्हणून शस्त्रक्रियेसाठी आहार थांबवताना इन्सुलिनचा विचार त्याच क्षणी व्हायला हवा. रक्त चढवलेल्या रुग्णात एचबीए१सीचा (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा विश्वासार्ह राहत नाही.

युरिया आणि क्रिएटिनिन जोडीने पाहावेत. स्नायू मोडत असल्याने युरिया वाढतो. पण क्रिएटिनिन ०.४ असणे म्हणजे मूत्रपिंड उत्तम असणे नव्हे, तीन-चार आठवड्यांनी तो स्नायू झिजल्याचा पुरावा असू शकतो.

सर्वांत सजग राहावे ते एका त्रिकुटाबद्दल. कालपर्यंत पचत असलेला आहार आज पचेनासा होतो, साखर विनाकारण वाढते आणि प्लेटलेट्स घसरू लागतात, अशा वेळी आहाराचा ब्रँड बदलण्यात वेळ न घालवता जंतुसंसर्गाचा शोध घ्यावा. कित्येकदा ताप किंवा पांढऱ्या पेशींच्या आधी पोटच बोलते.

अल्ब्युमिन, प्रीअल्ब्युमिन आणि सीआरपी

अल्ब्युमिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे आहे. तीन दिवसांच्या उपासाने ते ४ वरून २ वर येऊच शकत नाही. ते येते वाहिन्यांतून झिरपल्याने, जखमांतून वाहून गेल्याने, सलाइनने पातळ झाल्याने आणि दाहाच्या काळात यकृत अल्ब्युमिनऐवजी सीआरपीसारखी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दाहात वाढणारे) प्रथिने बनवू लागल्याने. शिरेवाटे अल्ब्युमिन देण्याला द्रव-उपचारात स्वतःचे स्थान आहे, पण ते आहार नाही आणि त्याने स्नायू वाढत नाहीत.

प्रीअल्ब्युमिन या यकृतात बनणाऱ्या वेगळ्या प्रथिनाचे अर्धायुष्य दोन-तीन दिवसांचे असल्याने ते अधिक उपयोगी वाटते, पण तेही दाहात घसरते. म्हणून ते सीआरपीबरोबर, आठवड्यातून एकदा, आणि केवळ कल पाहण्यासाठी मोजावे. सीआरपी उतरत असताना प्रीअल्ब्युमिन चढत असेल तर रुग्ण योग्य दिशेने आहे. सीआरपी उतरूनही प्रीअल्ब्युमिन जागचे हलत नसेल, तर आहाराचा तक्ता काढून किती पोहोचले ते मोजावे. सीआरपी २०० वर असताना प्रीअल्ब्युमिनवरून कोणताच निष्कर्ष काढू नये. फेरिटिनचेही असेच आहे: दाहात ते वाढते, त्यामुळे ते भरपूर दिसले तरी लोहाचा साठा भरपूर आहे असे ठरत नाही.

नायट्रोजनचा ताळा

२४ तासांची लघवी काटेकोर गोळा करता आली तर नायट्रोजनचा ताळा, म्हणजे प्रथिनांतून शरीरात आलेला आणि शरीरातून बाहेर गेलेला नायट्रोजन यांचा हिशेब, हे फार उपयोगी साधन आहे. समजा आपल्या रुग्णाला ८० ग्रॅम प्रथिने मिळाली, ६.२५ ने भागल्यावर नायट्रोजन १२.८ ग्रॅम. लघवीतील युरिया नायट्रोजन १२ ग्रॅम निघाला, इतर मार्गांनी जाणारे ४ ग्रॅम धरले, आणि ३० टक्के उघड्या जखमेतून किलोमागे ०.०५ म्हणजे २.५ ग्रॅम धरले. एकूण गेले १८.५, म्हणजे दिवसाची तूट ५.७ ग्रॅम. १ ग्रॅम नायट्रोजन साधारण ३० ग्रॅम स्नायू-ऊतींइतका असल्याने ही रोजची जवळजवळ १७० ग्रॅमची झीज झाली. तीव्र अवस्थेत ही तूट पूर्ण भरून निघत नाही, पण ती आठवड्यागणिक कमी व्हायला हवी. जखमेतून जाणारा वाटा धरायचा विसरले तर हिशेब विनाकारण समाधानकारक दिसतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हा ताळा वापरू नये.

आहाराखेरीज तीन गोष्टी ही झीज कमी करतात: मृत त्वचा लवकर काढून जखम झाकणे, खोलीचे तापमान २८ ते ३० अंश ठेवणे आणि रोजचा व्यायाम. प्रोप्रानोलॉलसारखी औषधे निवडक रुग्णांत डॉक्टर देतात.

सूक्ष्म पोषक द्रव्ये

जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर तांबे, जस्त आणि सेलेनियम मोठ्या प्रमाणात निघून जातात, आणि ही हानी नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीने भरत नाही. दाहात रक्तातील तांबे एरवी वाढते. भाजल्यानंतर ते घटते, इतकी ही गळती मोठी असते. म्हणून मोठ्या इजेत ही द्रव्ये भाजण्याच्या प्रमाणानुसार आठवडा ते महिनाभर शिरेवाटे देण्याची शिफारस आहे. जस्त रक्तात बरेचसे अल्ब्युमिनला चिकटून असल्याने त्याचा कमी आकडा सीआरपी पाहूनच वाचावा. जस्ताच्या गोळ्या मनाने महिनोनमहिने चालू ठेवल्या तर तांब्याचे शोषण अडते. भाजलेली त्वचा ड जीवनसत्त्व नीट तयार करू शकत नाही आणि व्रणांना ऊनही टाळावे लागते, त्यामुळे २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाची तपासणी घरी सोडल्यानंतरही करत राहावी.

तोंडाने खाणे सुरू झाल्यावर

येथे घरच्यांचे काम सुरू होते, आणि पथ्याच्या गैरसमजांनी घात होतो तोही येथेच. अंडी, दूध, डाळ आणि भात यांनी जखमेत पू होतो, असे आजही अनेक घरांत मानले जाते. पू जंतूंमुळे होतो. डाळ आणि अंडी बंद केल्याने फक्त जखमेला लागणारी प्रथिने बंद होतात. दुसरी अडचण पातळ पदार्थांची. थर्मासमधून प्रेमाने आणलेले मुगाचे पाणी आणि तांदळाची पेज पोट भरतात, पण वाटीभर डाळीच्या पाण्यात प्रथिने नाममात्रच असतात. तीच डाळ घोटून घट्ट वरण केले, तर वाटीमागे ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात.

आपल्या रुग्णासाठी एका दिवसाचा अंदाज असा मांडता येईल. तीन अंड्यांतून १८ ग्रॅम. अर्ध्या लिटर दुधात ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते दिवसभर थोडेथोडे घेतल्यास सुमारे ३३ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीर किंवा चिकनमधून १८ ते २० ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरणातून १२ ग्रॅम. आणि पोळी, भात, नाचणीची लापशी यांतून उरलेले. अंडी न खाणाऱ्यांना ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांतून १५ ग्रॅमच्या आसपास आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. दुधाच्या भुकटीऐवजी साखर वाढवू नये. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर हे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्यावे. हात भाजलेल्या रुग्णाला भरवण्यासाठी माणूस जवळ नसेल, तर वाढलेले ताट तसेच परत जाते; म्हणून किती वाढले यापेक्षा किती खाल्ले ते लिहावे. दिवसाच्या गरजेच्या निम्मेही तोंडाने जात नसेल तर नळी काढण्याची घाई करू नये, आणि रात्री नळीवाटे पुरवणी देता येते का ते विचारावे.

घरी सोडल्यानंतर

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी घ्यावे आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. त्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक घट असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवावे. वजन वाढते आहे पण हातापायांत ताकद येत नाही, जिना चढताना थांबावे लागते, अशी अवस्था असेल तर वाढ चरबीची आहे असे समजून फिजिओथेरपीतील वजन उचलण्याचे व्यायाम आणि प्रथिने दोन्हींकडे पुन्हा पाहावे लागते. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि साखर यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी, आणि प्रत्येक भेटीला जुन्या अहवालांबरोबर मागच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंदही सोबत न्यावी.